गळाला अनोळखी मासा लागला तर: आधी हात आवरा, मग नाव शोधा

समुद्रात गळ टाकला की खाली आमिषाला कोण तोंड लावेल हे आपल्या हातात नसतं. एका जातीसाठी आमिष लावावं आणि ते भलत्याच माशाने गिळावं, असं रोज घडतं. जगात माशांच्या ३० हजारांहून जास्त जातींची नोंद झाली आहे आणि त्यांतल्या निम्म्याच्या आसपास समुद्रात राहतात. वर्षानुवर्षं गळ टाकणाऱ्यालाही अधूनमधून न ओळखणारा मासा लागतो. नवख्याला तर पहिल्याच दिवशी लागू शकतो.

अशा वेळी मनात पहिला प्रश्न येतो, ‘हा कोणता मासा?’ माझा आग्रह आहे की तो प्रश्न थोडा बाजूला ठेवावा. मासा दोऱ्याला लटकून फडफडत असतो, त्याला सोडवायचं असतं, आणि नाव सापडायला कधी कधी दोन दिवस लागतात. म्हणजे हाताळायची वेळ नाव कळण्याच्या आधी येते. म्हणून पहिला प्रश्न असा विचारा: ‘हा मला कुठून इजा करू शकतो?’ याचं उत्तर नाव माहीत नसतानाही माशाच्या अंगाकडे बघून मिळतं. पुढचं सगळं मी त्याच क्रमाने मांडतो आहे.

निघताना पिशवीत काय हवं

लांब नाकाची पक्कड सगळ्यात महत्त्वाची. तिची मूठ इतकी लांब असावी की मासा वळवळला तरी तुमची बोटं त्याच्या तोंडापासून आणि परांपासून दूर राहतील. दोरा कापायला कात्री आणि गळच कापावा लागला तर तार कापायची पक्कड. रबरी जाळीचं हातजाळं घ्या. गाठींच्या नायलॉन जाळ्यात काटे अडकतात आणि माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो. हा थर त्याला रोगजंतूंपासून वाचवतो, तेव्हा माशाला परत सोडायचं असेल तर तो टिकवायला हवा.

हातमोजे घाला, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. दातांनी ओरखडणं आणि खरखरीत कातडीने सोलवटणं त्यांनी टळतं. मोठ्या पाकटाचा, म्हणजे चपट्या अंगाच्या स्टिंगरेचा, शेपटीवरचा काटा मात्र जाड मोज्यातून आणि बुटातूनही आरपार जाऊ शकतो. पायात बंद बूट हवेतच, कारण बऱ्याच जखमा हाताला न होता पायाला होतात. मासा सुटून पायाशी पडतो आणि माणूस त्याला पायाने दाबायला जातो.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक नेतात, ती म्हणजे थर्मासभर गरम पाणी. ते कशासाठी, हे शेवटी येईल.

निघण्यापूर्वी गळाच्या टोकाजवळचा उलटा अणकुचीदार दात पकडीने दाबून सपाट करून टाका. दोरा ताणलेला ठेवलात तर मासे त्यामुळे फारसे सुटत नाहीत, पण गळ काढणं अर्ध्या वेळात होतं. अनोळखी माशाजवळ तुमचा हात जितका कमी वेळ राहील तितकं बरं.

मासा वर आला की हात मागे

मासा पाण्याबाहेर काढण्याआधी पाण्यातच नीट बघून घ्या. बघायला तेव्हाच सगळ्यात जास्त वेळ असतो आणि माशालाही तिथेच कमी त्रास होतो. दांडी उचलून मासा झोकांडत स्वतःच्या छातीकडे आणू नका. लटकणारा मासा हाताने पकडायला जाणं ही नवख्यांची पहिली सवय असते आणि तीच आधी मोडायला हवी. हातजाळ्यात घ्या किंवा बादलीभर समुद्राच्या पाण्यात सोडा.

मासा निपचित पडला म्हणून तो निरुपद्रवी झाला, असं समजू नका. विषारी काट्यातलं विष मासा मेल्यानंतरही काही काळ टिकतं, आणि काट्याचं टोक तर टोकच राहतं.

अंगावरची शस्त्रं कशी ओळखायची

डोक्यापासून शेपटीपर्यंत क्रमाने नजर फिरवा. या कामाला एक मिनिटही लागत नाही.

तोंडापासून सुरुवात करा. लांब, सुळ्यांसारखे दात असतील, जसे बॅराकुडाला किंवा बळा-वाकटीच्या कुळातल्या चपट्या रुपेरी माशांना असतात, तर बोट तोंडाच्या जवळपासही नेऊ नका. वामीसारख्या लांबोळ्या अंगाचा, जाड कातडीचा मोरे ईल लागला तर अधिक जपा. त्याच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते, ती पुढे येऊन भक्ष्याला आत ओढते. म्हणून तो चावला की सहज सोडत नाही आणि हात झटकला तर जखम आणखी फाटते. चोचीसारखं छोटं तोंड दिसलं तर तेही कमी लेखू नका. केंडाच्या, म्हणजे अंग फुगवणाऱ्या पफरफिशच्या, तोंडात वर दोन आणि खाली दोन असे चारच दात पट्टीसारखे जुळलेले असतात. शिंपले फोडण्यासाठी बनलेलं ते तोंड गळाची तार तोडतं, मग बोटाचं काय करेल याचा अंदाज करा.

नंतर कल्ल्यांची झाकणं बघा. कल्ल्यात बोट घालून मासा उचलायची पद्धत सर्रास दिसते. अनोळखी माशाला ती कधीही लावू नका. अनेक माशांच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते. विंचूमासे, चपट्या डोक्याचे फ्लॅटहेड, वाळूत पुरून बसणारे स्टारगेझर, यांच्या कल्ल्याजवळ काटे असतात. युरोपच्या किनाऱ्यांवर आणि भूमध्य समुद्रात सापडणारा वीव्हर हा बोटभर लांबीचाही असू शकतो. त्याच्या पाठीवरचा पुढचा काळा पर आणि कल्ल्याच्या झाकणावरचा काटा, दोन्ही विषारी.

पाठ आणि पोट यांवर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण खरा धोका बहुतेकदा इथे असतो. पाठीवरच्या पराच्या पुढच्या भागात ताठ, टणक काटे असतात आणि मागच्या भागात मऊ, वाकणाऱ्या शिरा. काटे आहेत म्हणजे विष आहेच असं नाही, पण न ओळखणाऱ्या माशाच्या बाबतीत आहे असंच धरून चाला. शिंगाळ्याला (मिशा असलेल्या कॅटफिशला) तीन काटे असतात: एक पाठीवर आणि छातीच्या दोन्ही परांना एकेक. घाबरला की तो ते ताठ करून सांध्यात अडकवून टाकतो. काट्यांच्या कडांना करवतीसारखे दात असतात, त्यामुळे काटा जाताना जितकं दुखतं त्याहून जास्त बाहेर काढताना दुखतं. अंगावर लांब पांढरे पट्टे आणि वामीसारखी निमुळती शेपूट असलेला एक छोटा समुद्री शिंगाळाही आहे. त्याचं विष बऱ्याच मोठ्या शिंगाळ्यांपेक्षा जहाल असतं.

दगडमासा जगातल्या सगळ्यात विषारी माशांपैकी एक. पाठीवर साधारण १३ काटे, प्रत्येकाच्या बाजूला विषाच्या पिशव्या, आणि रूप असं की शेवाळ चढलेला दगडच गळाला आला आहे असं वाटावं. हिंदी आणि प्रशांत महासागराच्या उष्ण, उथळ भागांत तो सापडतो. तिथे गळाला ‘दगड’ लागला तर तो हाताने सोडवायला जाऊ नका. लायनफिश उलट लांबूनच ओळखू येतो. तांबडे-पांढरे पट्टे, पंख्यासारखे पसरलेले छातीचे पर. पण विष त्या दिमाखदार परांत नसतं, ते पाठीवरच्या १३, पोटाखालच्या २ आणि शेपटीजवळच्या खालच्या परातल्या ३ काट्यांत असतं. रॅबिटफिश मात्र साध्या दिसणाऱ्या माशांपैकी आहे. सशासारख्या छोट्या तोंडाचा हा मासा बघून कुणालाच धोका वाटत नाही. त्याच्या पाठीवर १३, खालच्या परात ७ आणि पोटाच्या दोन परांत मिळून ४ असे २४ विषारी काटे असतात. याला वरून धरा, खालून धरा, काटा लागतोच.

शेवटी शेपूट. सर्जनफिशच्या शेपटीच्या बुंध्याला दोन्ही बाजूंनी चाकूसारखी पाती असतात. काही जातींत ती खाचेत मिटलेली असतात आणि शेपूट वळली की उघडतात. पाकटाचा काटा शेपटीच्या टोकाला असतो असा समज आहे, पण तो बहुतेक जातींत बुंध्याच्या बाजूला किंवा मधोमध असतो आणि कधी एकापेक्षा जास्त असतात. पाकट शेपूट वर उचलून स्वतःच्या पाठीवरून पुढे मारू शकतो, म्हणून त्याच्या डोक्याच्या बाजूला उभं राहिलं की आपण सुरक्षित, असं नाही. पाकटासारखाच पण गोलसर, मांसल, जाड आखूड शेपटीचा मासा दिसला तर तो विजेचा पाकट असू शकतो. त्यातल्या मोठ्या जाती सुमारे २२० व्होल्टपर्यंतचा झटका देतात. तिथे हात न लावता दोरा कापून टाका.

गळाला येणारं सगळंच मासा नसतं. लांब, सापासारखं काही आलं तर दोन खुणा बघा. वामीसारख्या माशांना डोक्यामागे कल्ल्याचं छिद्र असतं आणि पाठीवरून पर गेलेला असतो. समुद्री सापाला कल्ले नसतात, पर नसतात, अंगभर खवले असतात आणि शेपूट वल्ह्यासारखी चपटी असते. समुद्री साप असेल किंवा ठरवता येत नसेल, तर लांबूनच दोरा कापा. मुठीत मावेल असा, निळी वलयं चमकवणारा ऑक्टोपस आला तरी तेच. त्याच्या चाव्यातलं विष माणसाचा श्वास थांबवतं आणि चावा इतका बारीक असतो की अनेकदा कळतही नाही. दोऱ्यावर पारदर्शक, चिकट धागे लोंबत असतील तर ते जेलीफिशचे. तुटल्यावरही ते डंख मारतात.

गळ काढताना

हात आधी समुद्राच्या पाण्याने ओले करा. पकडीने गळाचा दांडा घट्ट धरा, गळाचा वाक वर येईल असा पालथा करा आणि मासा पाण्याच्या किंवा बादलीच्या वर ठेवून हलका झटका द्या. मासा स्वतःच्या वजनाने सुटून खाली पडतो आणि तुम्हाला त्याच्या अंगाला हातही लावावा लागत नाही. अनोळखी छोट्या माशासाठी याहून चांगली रीत मला माहीत नाही. शिंगाळ्याला काट्यांच्या मागून दोन बोटांत पकडणारे जाणकार तुम्हाला दिसतील. त्यांचं बघून पहिल्या महिन्यात तसं करू नका.

गळ घशाखाली गेला असेल तर ओढाताण करू नका. तोंडाजवळ दोरा कापा आणि सोडून द्या. खोल गेलेला गळ खेचून काढलेल्या माशांपेक्षा दोरा कापून सोडलेले मासे जास्त जगतात. विषारी वाटणाऱ्या माशाच्या बाबतीत हा नियम आणखी सैल ठेवा: गळ ओठात असला तरी मन कचरलं तर कापा. एका गळाची किंमत ती काय!

मोठा पाकट किंवा मुशी (शार्क) असेल तर पाण्याबाहेर काढूच नका. मुशीला शेपटीने धरलं की आपण तिच्या तोंडापासून लांब आहोत असं वाटतं, पण तिचा सांगाडा कूर्चेचा असतो. ती वळून स्वतःच्या शेपटीपर्यंत पोचू शकते.

फोटो घ्या, पण माशाचा जीव सांभाळून

ओळख पटवायला तुमची आठवण पुरत नाही. फोटो लागतो, आणि तो हातात मासा घेऊन हसतानाचा नव्हे. माशाचं अख्खं अंग एका बाजूने दिसावं. मासे अभ्यासणारे सहसा डोकं डावीकडे ठेवतात, तुम्हीही तसंच ठेवा म्हणजे पुस्तकातल्या चित्राशी ताडून बघणं सोपं जातं. शेजारी मोजपट्टी ठेवा. पकडीच्या टोकाने पाठीवरचा पर उभा करून एक फोटो, तोंडाचा जवळून एक, शेपटीच्या बुंध्याचा एक. रंग लगेच टिपा, कारण मासा मरताना आणि मेल्यावर रंग झपाट्याने बदलतो आणि काही जातींच्या पट्ट्यांचा तर मागमूसही उरत नाही.

मासा सोडायचा असेल तर एका वेळी अर्ध्या मिनिटाहून जास्त काळ पाण्याबाहेर ठेवू नका. कॅमेरा तयार नसेल तर मासा पाण्यात थांबेल, फोटोसाठी त्याला उन्हात ताटकळवू नका. लांबी, पाण्याची खोली, तळ वाळूचा की खडकाळ, आमिष कोणतं होतं, एवढं त्याच दिवशी लिहून ठेवा.

परत सोडताना

खोल पाण्यातून आलेला मासा सोडला तरी तरंगत राहतो, हे बघून नवखे गोंधळतात. कारण सरळ आहे. ३० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो. मासा झटकन वर ओढला की त्याच्या पोटातल्या वाताशयातली हवा चौपट फुगते, डोळे बाहेर येतात, जठर उलटून तोंडातून फुग्यासारखं दिसू लागतं. त्या फुग्याला टाचणी लावू नका, ते जठर असतं. वजन लावलेल्या सुटत्या चिमट्याने माशाला पुन्हा खाली न्यायचं साधन मिळतं, ते वापरा. खाली गेल्यावर दाबाने हवा आपोआप आवळली जाते. मुशी आणि पाकट यांना वाताशयच नसतो, त्यांना हा त्रास होत नाही.

केंड फुगला तर त्याला पाण्यातच राहू द्या. पाण्याने फुगलेला केंड ते पाणी सहज बाहेर टाकतो, पण हवेने फुगला तर ती हवा सोडणं त्याला जड जातं आणि तो उलटा तरंगत राहतो. गंमत म्हणून त्याला फुगवणं हा निव्वळ छळ आहे.

करवतीसारखं लांब नाक असलेला मासा किंवा समुद्री घोडा आला तर अनेक देशांत त्यांना कायद्याने संरक्षण आहे. जवळ ठेवणंही गुन्हा ठरू शकतो, म्हणून तुम्ही जिथे गळ टाकता तिथली संरक्षित जातींची यादी आधीच वाचून ठेवा. माशाच्या अंगावर क्रमांकाची प्लास्टिकची खूणचिठ्ठी दिसली तर क्रमांक टिपून, लांबी मोजून, चिठ्ठीवर लिहिलेल्या पत्त्यावर कळवा.

आता निवांत नाव शोधा

सुरुवात रंगापासून करू नका. एकाच जातीचं पिल्लू आणि मोठा मासा वेगळ्या रंगाचे असतात, आणि पोपटमाशासारख्या काही कुळांत मासा आयुष्यात लिंग बदलतो तेव्हा रंगही पालटतो. आधी कूळ ठरवा, ते अंगाच्या बांध्यावरून ठरतं. पाठीवर पर एक की दोन? मागच्या परानंतर शेपटीपर्यंत छोट्या सुट्या परांची रांग आहे का? असेल तर बांगडा, सुरमई, कुपा यांच्या कुळाकडे वळा. शेपटीच्या बुंध्याजवळ दोन्ही बाजूंना टणक, टोकदार खवल्यांची ओळ हाताला लागते का? मग ट्रेव्हलीचं कूळ आधी तपासा. मिशा आणि पाठीवर मागे छोटा मांसल पर असेल तर शिंगाळा. डोक्यावर खाचांची चकती असेल तर ती मोठ्या माशांना चिकटून फिरणारी रेमोरा. खवले नाहीत, अंग चामड्यासारखं, तोंडात चोच: केंडाचं कूळ.

कूळ मिळालं की मग जात. इथे मोजणी कामाला येते. संदर्भपुस्तकांत पराच्या काट्यांची संख्या रोमन अंकांत आणि मऊ शिरांची साध्या अंकांत देतात, एवढं लक्षात ठेवलं की ती वर्णनं वाचता येतात. फिशबेस हा खुला माहितीसाठा आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या प्रदेशवार ओळख-पुस्तिका भरवशाच्या आहेत. आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर फोटो टाकला तर जाणकार लोक नाव सुचवतात. फोनमधलं ॲप जे नाव दाखवतं तो मात्र अंदाज समजा आणि काटे मोजून पडताळा. त्याने ‘नव्वद टक्के खात्री’ दाखवली म्हणून मासा चुलीवर चढवू नका.

‘हा मासा आपल्याकडे सापडत नाही’ एवढ्यावर एखादं नाव बाद करणंही चुकीचं ठरू शकतं. रुपेरी गालांचा एक विषारी केंड मूळचा हिंदी-प्रशांत महासागरातला. सुएझ कालव्यातून तो भूमध्य समुद्रात शिरला, तिथे २००३ साली प्रथम नोंदला गेला आणि मग झपाट्याने पसरला.

खायचा की नाही

खात्रीचं नाव नाही, तर खायचा नाही. यात मी कुठलीच सूट देणार नाही. केंडाच्या यकृतात, अंडाशयात, आतड्यांत आणि काही जातींच्या मांसात व कातडीतही टेट्रोडोटॉक्सिन असतं. ते उकळून, तळून, वाळवून जात नाही आणि त्यावर उतारा नाही. उष्ण समुद्रातल्या प्रवाळखडकांवरचे मोठे शिकारी मासे, म्हणजे बॅराकुडा, मोठे गोबरे (ग्रूपर), मोरे ईल, यांच्यात सिग्वाटेराचं विष साठलेलं असू शकतं. ते सूक्ष्म शैवालापासून छोट्या माशांत आणि तिथून मोठ्यांत जातं. अशा माशाचं नाव बरोबर ओळखलं तरी धोका उरतो, म्हणून त्या भागात आधी माहीतगारांना विचारा. चांदीचा चमचा काळा पडतो का, माश्या बसतात का, असल्या परीक्षांना काडीचाही अर्थ नाही. चव आणि वास दोन्ही अगदी चांगले असतात.

ओळखीचा मासाही तापला तर विषारी होतो. कुपा, बांगडा यांसारखे मासे उन्हात राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं आणि शिजवल्यावरही ते राहतं. पकडल्याबरोबर बर्फात घाला.

काटा लागलाच तर

पाण्यात असाल तर आधी बाहेर या, कारण चक्कर आली तर बुडण्याचा धोका विषाइतकाच मोठा असतो. रक्त फार वाहत असेल तर ते आधी दाबून थांबवा. नंतर थर्मास उघडा. माशांच्या काट्यांतलं विष बहुतेक प्रथिनांचं असतं आणि उष्णतेने निकामी होतं. जखमेचा भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवा, तापमान ४५ अंशांच्या वर नको, आणि ३० ते ९० मिनिटं ठेवा. पाणी किती गरम आहे हे न दुखावलेल्या हाताने तपासा, कारण बधिर झालेल्या हाताला चटका कळत नाही. वर दिसणारे बारीक तुकडे चिमट्याने काढा. घट्ट पट्टी आवळणं, जखम चिरणं, तोंडाने विष ओढणं यातलं काहीही करू नका. पाकटाचा काटा छातीत, पोटात किंवा मानेत रुतला असेल तर तो उपसू नका, हलणार नाही असा आधार देऊन रुग्णालय गाठा. दगडमाशाच्या विषावर प्रतिविष आहे, म्हणून तिथेही वेळ घालवू नका.

समुद्री साप किंवा निळ्या वलयांचा ऑक्टोपस चावला तर गरम पाण्याचा उपयोग नाही. बोटांपासून वरपर्यंत रुंद लवचिक पट्टी गुंडाळा, हात किंवा पाय अजिबात हलवू देऊ नका, श्वासावर लक्ष ठेवा. श्वास मंदावला तर तोंडाने श्वास देत राहा, रुग्णालयात यंत्राचा आधार मिळेपर्यंत.

साधी वाटणारी टोचही साबणाने स्वच्छ धुवा. समुद्राच्या पाण्यातल्या काही जिवाणूंचा संसर्ग काही तासांतच चढतो. लाली पसरली, सूज वाढली किंवा ताप आला तर डॉक्टरांकडे जा आणि जखम माशामुळे, समुद्रात झाली हे आवर्जून सांगा, कारण औषध त्यावर ठरतं. यकृताचा आजार किंवा मधुमेह असेल तर लाली दिसण्याचीही वाट बघू नका. धनुर्वाताची लस कधी घेतली होती हेही विचारलं जाईल.

मासा खाल्ल्यावर ओठांना, जिभेला मुंग्या आल्या, थंड वस्तू भाजल्यासारखी लागली किंवा हातपाय लुळे वाटू लागले, तर ताबडतोब निघा. जेवणातला उरलेला तुकडा आणि त्या दिवशी काढलेले फोटो सोबत घ्या. कोणता मासा होता हे डॉक्टरांना त्यावरून कळेल.